आमच्या गावाचा अभ्यास आम्हाला करू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास विषयांची अभ्यास मंडळे

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तालुक्याच्या कॉलेजातून समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन बी.ए. झाले, त्याला आता दोन वर्षं होतील. तुम्ही ठरवलेला अभ्यासक्रम मी तीन वर्षं शिकले, प्रथम श्रेणीत पास झाले, आणि तरी ज्या दिवशी पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी मला माझ्या गावाबद्दल बारावीत होतं त्याहून जास्त काही सांगता आलं नसतं. हे पत्र त्यासाठी लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षीचा एक तास सांगते. सरांनी फळ्यावर एमिल दुर्खीमचं नाव लिहिलं. 1897 साली त्याने आत्महत्येचा समाजशास्त्रीय अभ्यास केला, माणूस जीव देतो त्याची कारणं त्याच्या एकट्याच्या मनात नसून समाजातही असतात असं दाखवून दिलं. मग प्रकार आले: अहंवादी, परार्थवादी, प्रमाणकशून्य, आणि शेवटी दैववादी. सर सांगत होते, आम्ही उतरवून घेत होतो. फ्रान्स आला, जर्मनी आला, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आले. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने लाल पेनाने मथळ्याखाली रेघ मारली, पट्टी धरून, अगदी सरळ. तिच्या बाबांनी आम्ही नववीत असताना फवारणीचं औषध घेतलं होतं. वर्गात सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही असावं. त्या तासाला यवतमाळ हा शब्द एकदाही आला नाही.

बस स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना तिने मला विचारलं, "यातल्या कोनत्या प्रकारात येतेत वं माहे बाबा?"

मला उत्तर आलं नाही. पंधरा मार्कांचा प्रश्न मला तोंडपाठ होता आणि तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

सरांना मी दोष देत नाही. ते तासिका तत्त्वावर होते, आठवड्यात तीन कॉलेजं करत, स्वतःच्या पेट्रोलने. त्यांना पोर्शन संपवायचा होता. पोर्शन तुम्ही ठरवता, म्हणून विचारते: आत्महत्या हा विषय जिथे शिकवला जातो तिथे विदर्भ का नाही? 19 मार्च 1986 ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने बायकोमुलांसह जीव दिला. आजही त्या तारखेला ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान स्वतः विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. एवढं सगळं आमच्या अंगणात घडलं, आणि पेपरात उदाहरण लिहायचं ते युरोपातलं.

दुर्खीम काढून टाका असं मी म्हणत नाही, उलट त्याला नीट शिकवा असं म्हणते. पदवीनंतर जिल्ह्याच्या वाचनालयात बसून मी थोडंफार वाचलं तेव्हा कळलं, की दुर्खीमवर पुढच्या अभ्यासकांनी एक मोठा आक्षेप घेतला आहे. त्याने सरकारी नोंदी खऱ्या धरल्या, पण कुठल्या मृत्यूला आत्महत्या म्हणायचं हे नोंद करणारा माणूस ठरवतो, आणि त्या माणसालाही समाज असतोच. हे वाचलं आणि माझ्यापुढे मैत्रिणीच्या घरची फाईल उभी राहिली. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येची मदत द्यायची की नाही हे ठरवताना प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते पाहतात. जमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि बाकीचे ठेवीत, असं 2006 पासून चालत आलं. तिच्या बाबांचं कर्ज होतं कृषी केंद्राच्या उधारीचं आणि नात्यातल्या एका माणसाकडून तोंडी घेतलेलं. कागद कुठलाच नव्हता. प्रकरण अपात्र. माणूस गेला, कर्ज खरं होतं, ते फेडायला तिच्या आईने पुढे दोन वर्षं मजुरी केली, पण नोंदीत ते शेतकरी आत्महत्येत बसत नाही.

हे समाजशास्त्र आहे, सर. मॅडम, हेच समाजशास्त्र आहे. सरकारी रकाना आणि खरं जगणं यांत अंतर कसं पडतं, ते का पडतं, आणि त्या अंतरात कोण अडकतं. माझी मैत्रीण या विषयावर वर्गात कुणाहीपेक्षा जास्त सांगू शकली असती. तिला आपण रेघा मारायला लावलं.

आता प्रोजेक्टचं सांगते, कारण माझी मागणी तिथेच आहे.

शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्प होता. कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे प्रोजेक्ट तयार मिळतात. पहिलं पान तेवढं नवीन टाइप करून स्पायरल बाइंडिंग करून देतात. मी घेतलेल्या फाईलीचं नाव होतं 'ग्रामीण स्त्रियांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास'. आत पन्नास उत्तरदात्या होत्या, तक्ते होते, टक्केवारी होती, निष्कर्ष होते, आणि ज्या तालुक्याचं नाव होतं तिथे मी जन्मात गेलेली नाही. तालुक्याचं नाव बदलायचं राहून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मला चांगले मार्क पडले. मी चूक केली, आणि हे जाहीर लिहिताना मला वाईट वाटतं. पण माझ्या वर्गात पंचवीस-तीस गावांची मुलं होती. त्या सगळ्यांना एकदाही कुणी म्हटलं नाही, की जा, तुमच्या गावात जा, पाच घरी बसा, काय दिसतं ते लिहून आणा.

पदवी मिळाल्यावर मी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात निंदणाचे दिवस होते. वही घेतली, पुस्तकातल्यासारखी प्रश्नावली लिहिली: नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न. पहिल्या घरी ज्या काकू होत्या त्या नुकत्याच शेतातून आल्या होत्या. खुरपं कुडाला खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलाचे, हात धुता धुताच माझ्याशी बोलत होत्या. मी विचारलं, "काकू, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"काही नाई वं बाई," त्या म्हणाल्या, "घरीच राह्यतो."

मी 'गृहिणी' लिहिलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरातून निघताना मला माझ्याच वहीची लाज वाटली. सगळ्या जणी माझ्या डोळ्यादेखत शेतातून आलेल्या, आणि माझ्या वहीप्रमाणे गावात एकही बाई काम करत नव्हती. संध्याकाळी मी पुन्हा पहिल्या घरी गेले आणि प्रश्न बदलला. म्हटलं, काकू, काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं ते सांगा.

पहाटे उठून त्यांनी सडा घातला, पाणी भरलं. शेण काढलं. सैपाक, नवऱ्याचा अन् पोराचा डबा. मग दुसऱ्याच्या वावरात निंदण, दुपारपर्यंत. तिथून येताना बकरीसाठी चारा. घरच्या वावरात खत टाकणं, अंधार पडेस्तोवर. पुन्हा सैपाक. सासूचे पाय चेपणं. सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग थे काय काम हाय? थे तं करावंच लागते."

पुस्तकात 'प्रश्नावलीचे दोष' असा एक भाग होता. सहा मुद्दे. मी परीक्षेत सहाच्या सहा लिहिले होते. त्यांचा अर्थ मला त्या ओसरीवर कळला. व्यवसाय विचारला की बाई घरी असते, काल विचारला की ती चौदा तास कामावर असते. प्रश्न कसा विचारला यावर देशाच्या आकड्यांत बायांचं काम दिसणार की नाही हे ठरतं. आपल्या देशाने 2019 मध्ये पहिल्यांदा देशभर 'वेळेचा वापर' मोजणारी पाहणी केली, 2024 मध्ये पुन्हा केली, ती याचसाठी. मला ही पाहणी अभ्यासक्रमाने सांगितली नाही. काकूंनी आधी सांगितली, पाहणीचं नाव मी मागाहून शोधलं.

अर्थशास्त्राचंही असंच झालं. पेपरात मक्तेदारी होती, आकृतीसह. ती वक्ररेषा मी झोपेतही काढली असती. आमचे आबाजी खाटेवर पडल्या पडल्या माझं पाठांतर ऐकायचे. एकदा म्हणाले, "मक्तेदारी म्हंजे एकाधिकार ना? मंग थे मले पूस." 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. आबाजी सांगत होते फेडरेशनच्या, म्हणजे त्या सरकारी खरेदीच्या, काट्यावरच्या बंड्यांच्या रांगा, बैलांसाठी घरून नेलेला कडबा, बंडीखाली काढलेल्या रात्री, ग्रेडर कापसाला कोणती प्रत लावतो याची धाकधूक, आणि मग चुकाऱ्याची वाट. पण तेच हेही म्हणाले, की व्यापाऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा भाव आधी माहीत असायचा ते बरं होतं. एकच विकणारा आणि एकच घेणारा यांतला फरक, हमीभावाचा फायदा आणि त्याची किंमत, सगळं त्या खाटेवर होतं. माझ्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नव्हती.

इतिहास माझ्या विषयांत नव्हता, पण त्याच्या अभ्यासक्रमात तर दोन कप्पे केलेत तुम्ही. जगाच्या इतिहासात अमेरिकेचं यादवी युद्ध, 1861 ते 1865. भारताच्या इतिहासात वऱ्हाड, तेही दोन ओळी. पण त्या युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या कापसावर गेली. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली ती कापसासाठी. आमची शकुंतला, यवतमाळची छोटी रेल्वे, तीही कापसासाठीच आली. ज्वारीच्या वावरात कापूस कसा आणि का शिरला याचं उत्तर या दोन धड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे.

राज्यशास्त्रावर लांबवत नाही. पंचायत राजची 73 वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993 पासून लागू, हे लिहून आम्ही मार्क मिळवले. ग्रामसभेला गावातले पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात, नाही जमले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग गावाचे निर्णय नेमके कुठल्या सभेत होतात? ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते, ती होते की नुसतं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रश्न कुठे मिळणार? माझ्या वर्गातल्या कुणीही, मी धरून, पदवीच्या तीन वर्षांत एकाही ग्रामसभेत पाय ठेवला नाही.

तुम्ही म्हणाल, बी.ए.ची मुलं काय संशोधन करणार, ते पुढचं काम. मला हे मान्य नाही. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी 1930 च्या सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली, ती गांधीजींनी स्थापन केलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. तेच कुमारप्पा पुढे आपल्या वर्ध्याला मगनवाडीत राहिले, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष झाले. आणि विद्यार्थी कशाला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर कॉलेजची वाटही पाहिली नाही. तिथे गावानेच अभ्यासगट चालवले. जंगल कुणाचं, कायदा काय म्हणतो, यावर लोक बसून बोलत राहिले. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांत, आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा मार्ग मोकळा झाला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळे सांगतात. तिच्या मागचा अभ्यासगट कुणी सांगत नाही. ज्यांच्या गावात कॉलेज नाही त्यांनी जे केलं ते ज्यांच्या तालुक्याला कॉलेज आहे त्यांना का जमू नये?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आला आहे, समुदाय सहभाग आला आहे, त्याला श्रेयांकही (क्रेडिट) आहेत. कागदावर मी मागते ते तुम्ही दिलेलं आहे. पण माझी धाकटी बहीण आता त्याच कॉलेजात आहे, आणि त्याच झेरॉक्सच्या दुकानात नव्या पॅटर्नच्या फाईली आल्यासुद्धा. म्हणून घाईने लिहिते आहे. या श्रेयांकांचंही पहिलं पान बदलून बाइंडिंग व्हायच्या आत तुम्ही काहीतरी करा.

माझं मागणं एवढंच आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपलं गाव घ्यावं आणि ते शेवटपर्यंत सोडू नये. आधी नुसती ओळख: गावाचा हाताने काढलेला नकाशा, पाणी कुठून येतं, वस्त्या कशा वसल्या, कुणाची कुठे, सातबारा आणि आठ-अ वाचायला शिकणं, ग्रामपंचायतीचं रजिस्टर मागायला शिकणं. मग एकच प्रश्न, लहान, पण खरा. वेचणीचा किलोमागे भाव गावात कोण ठरवतं? काटा कुणाच्या हातात असतो? बचत गटाचं कर्ज कशावर खर्च होतं? बारावीनंतर कुठल्या मुली थांबतात? जी मुलं पहाटे पाच वाजता भरतीसाठी रस्त्याने धावतात त्यांच्यापैकी किती जण लागतात आणि बाकीचे पुढे काय करतात? शेवटच्या वर्षी लिहिलेलं गावात वाचून दाखवावं, ग्रामसभेत, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. तोंडी परीक्षा तिथेच घ्या. गावासमोर उभं राहून खोटी टक्केवारी सांगता येत नाही, समोर बसलेली म्हातारी लगेच उठून बोलते.

आणि हे शिकवायला पूर्ण पगाराचे शिक्षक लागतील. तासावर पैसे मिळणारा माणूस विद्यार्थ्यासोबत गावात दुपार घालवू शकत नाही. रिक्त जागा भरणं तुमच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे, पण ते होईपर्यंत निदान गावात घालवलेली दुपार तास म्हणून धरा असं लिहून द्या.

एक काळजीही सांगायला हवी. आमच्या भागात विचारायला येणारे कमी झालेले नाहीत. पेपरवाले आले, संस्थावाले आले, मोठ्या शहरांतून पीएच.डी.वाले आले. मैत्रिणीच्या आईने किती जणांना तीच गोष्ट सांगितली याची गणती नाही. फोटो काढले, लिहून नेलं, कुणी कागद परत आणून दाखवला नाही. त्यामुळे विचारायच्या आधी परवानगी घेणं, 'नको' म्हटलं तर उठून येणं, आणि जे लिहिलं ते त्याच घरी जाऊन वाचून दाखवणं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवा. दुःखाच्या घरी वही घेऊन कसं बसायचं हे कुठल्याही गाईडमध्ये नाही. आम्ही त्याच गावात राहणार आहोत, दुसऱ्या दिवशी त्याच नळावर भेटणार आहोत, म्हणून आम्हाला ते इतरांपेक्षा लवकर येईल.

विज्ञानाकडे गेलेली मुलं पुण्याला जातात, नागपूरला जातात. बी.ए. झालेली आम्ही बहुतेक इथेच उरतो. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, बचत गटात, शेतात. उद्या सरपंचाच्या खुर्चीवर आमच्यातलीच कुणी बसेल. तिला आपल्या गावाचा कागद वाचता यावा एवढं तीन वर्षांत व्हायला हरकत नाही.

मैत्रिणीच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघी तिच्या घरी बसून ती अपात्र ठरलेली फाईल पहिल्यांदा पूर्ण वाचली. तिच्या आईने ट्रंकेतून काढून दिली. अकरा कागद आहेत. कुठल्या कागदावर कोणता शब्द आहे आणि त्याने काय ठरलं, ते आम्ही एका वहीत लिहायला घेतलं आहे. तिची आई शेजारी बसून सांगते. तीन कागद झाले.

येत्या 15 ऑगस्टला आमच्या गावात ग्रामसभा आहे. तुमच्यापैकी कुणी आलं तर आनंद होईल. यवतमाळहून सकाळची पहिली बस धरली तर वेळेवर पोहोचता येतं, फाट्यावर उतरलं की अर्धा तास पायी आहे, कळवलं तर मी घ्यायला येईन.

आपली,
सामाजिक शास्त्रांची एक पदवीधर विद्यार्थिनी
जिल्हा यवतमाळ